रक्तातलं तांबं

"विल्सन्स डिसीज," माझ्या डोळ्यावरचा दिवा बाजूला करत अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. बुबुळाच्या कडेला त्यांना तपकिरी कडं दिसलं होतं. त्याला कायसर-फ्लायशर रिंग म्हणतात. ते तांबं असतं, डोळ्यात साचलेलं.

मी बावीस वर्षांचा होतो. वर्षभर हात कापत होता, जीभ अडखळत होती. देवळातल्या पंक्तिभेदाविरुद्ध मी पत्रकं वाटली होती, त्यामुळे अमरावतीत आमच्या आळीनं निदान आधीच करून ठेवलं होतं. "देवाले शिव्या देल्या, आता हात लटलटून राह्यला!"

डॉक्टरांनी समजावलं ते इथे सांगतो. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल. अन्नातलं जास्तीचं तांबं यकृत बाहेर टाकतं. माझं टाकत नाही. ते रक्तात उतरतं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये ब्लड-ब्रेन बॅरियर असतो, म्हणजे नको ते आत जाऊ न देणारा पडदा. इतक्या तांब्यापुढे तोही पुरा पडत नाही.

"आईवडील नात्यातले?"

"आई अप्पांच्या मामाची मुलगी."

"दोष दोघांकडून आला की होतो हा रोग. भावंडांना तपासा. लगेच."

अप्पा, माझे वडील, भिक्षुकी करत. कंप जावा म्हणून ते मला रोज तांब्याच्या पंचपात्रातलं तीर्थ पाजत. रोग भांड्यानं झाला नव्हता, पण भर पडत होती. डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं तेव्हा अप्पांचा चेहरा पाहवेना. मला त्यांचा राग आला नाही.

राग आला दवाखान्यात भरती झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. तांबं बाहेर काढणारं बी.ए.एल.चं इंजेक्शन नुकतं घेतलं होतं. तेलातलं औषध, कमरेत नुसती आग. अप्पा खाटेशी वाकून म्हणाले, "वच्छीले तपासाचं नाही. पातूरले कळलं तर सोयरीक मोडते."

वच्छी माझी धाकटी बहीण. नवरा मुलगा पातूरच्या मामांचा. पुन्हा तेच रक्त!

"पोरीचा मेंदू गेला तरी चालते, अप्पा?"

"तू आजारी आहेस. पडून राह्य."

डबा घेऊन वच्छी दारातच उभी होती. "मले कोणी इचारलं का? मोडते तर मोडू द्या. तसाही त्याच्या तोंडात सुपारी नसली तर शब्द फुटत नाही."

"वच्छे!"

डबा माझ्या उशाशी ठेवून ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली.

तिचे डोळे स्वच्छ निघाले. लघवीचा नमुना मुंबईला गेला. पंधरा दिवस अप्पा वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून होते, जपही करत नव्हते. अहवाल आला: तांबं जास्त.

"मेंदूला अजून धक्का नाही," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आली पोरगी."

आता आम्ही दोघं पेनिसिलामाइन घेतो. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. माझी जीभ सुटली. हात पुरता सुधारणार नाही. सोयरीक मोडली. तुमच्याही मुलांना तपासा, असं मी मामांना दर महिन्याला लिहितो. उत्तर नाही. लिहीत राहणार.

उपकार मानायचे तर डॉक्टरांचे, आणि त्यांच्याआधी वच्छीचे. तिचं लग्न काहून मोडलं, असं आळीतल्या बाया अप्पांना विचारतात. परवा अप्पांनीच ओट्यावर उभं राहून रोगाचं नाव सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.