पोत्यातली मधली मूठ

आळंदच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तुरीचं पोतं उघडलं की सगळे वरचा दाणा बघत. चाळणीअक्का मात्र बांगड्या मागे सारून कोपरापर्यंत हात आत घालायची, मधली मूठ बाहेर काढायची आणि त्यातला एक दाणा दाताखाली धरायची. कट् आवाज आला तर तूर वाळलेली. नाही आला, तर पोत्याचा मालक समोर उभा असला तरी ती सांगून टाकायची, "वर उन्हातली हाय, मधात दमट हाय."

माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, अडत दुकानात ती रोजानं तूर चाळायला यायची. रेशनकार्डावर तिचं नाव कस्तुरबाई होतं, पण त्या नावानं हाक मारली तर तीच मागं वळून बघायची नाही. सासऱ्याची मेंढरं गेली नि ती पोटासाठी मोंढ्यात कामाला आली. एकदा तिनं अप्पांच्या सख्ख्या मेहुण्याचीच तूर भर बाजारात दमट ठरवली. मामा आठवडाभर आमच्याकडे जेवला नाही. अप्पा तणतणले, पण तिला कामावरून काढायची त्यांची छाती झाली नाही. खरेदीदार आधी तिच्या तोंडाकडे बघत आणि मगच भाव बोलत.

मी गुलबर्ग्याहून बी.कॉम. झाले तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. सोलापूरच्या एका फायनान्स कंपनीत गाड्यांच्या कर्जाचे अर्ज तपासायची, अगदी खालची नोकरी. नाहीतर हैदराबादच्या एका नव्या कॉलेजात एमबीए. कॉलेजचं माहितीपत्रक गुळगुळीत, रंगीत. अप्पांनी ते अख्ख्या मोंढ्याला दाखवलं होतं आणि फीसाठी रस्त्याकडचा प्लॉट विकायला काढला होता. मलाही पत्रकातल्या फोटोमधल्या टायवाल्या मुलींत जाऊन बसायचं होतं. अक्कानं पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं. "हे तर पोत्याचं तोंड झालं," ती म्हणाली, "मधलं बगितलीस का?"

हंगामात अप्पांना दुकान सुटेना, म्हणून प्रवेश घ्यायला माझ्यासोबत अक्कालाच पाठवलं. मी ऑफिसात फॉर्म घेऊन बसले आणि ती गायब. शोधत गेले तर जिन्याखाली शिपायापाशी पान खात बसलेली.

"भाई, पढाने कू कौन आते?"

"हफ्ते में दो रोज एक साब आते, अम्मा."

तिनं मला हाताला धरून वरच्या मजल्यावर नेलं. फोटोतली कॉम्प्युटरची खोली तिथं होती. अक्कानं एका कव्हराखाली हात घातला. आतल्या वायरी अजून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या होत्या. आम्ही फॉर्म न भरता परतलो. मला तिचा इतका राग आला होता की गुलबर्गा येईपर्यंत मी तिच्याकडे पाठ करून बसले.

पुढच्या आठवड्यात तिच्याच सांगण्यावरून सोलापूरला गेले आणि अर्धा दिवस त्या नोकरीच्या टेबलाशेजारी बसले. तिथल्या वयस्क बाई अर्ज वाचता वाचता मला विचारत होत्या, हा माणूस हप्ते फेडेल का, आणि कशावरून? मी नोकरी धरली. प्लॉट राहिला. अप्पा मात्र महिनाभर मोंढ्यात मान खाली घालून वावरले. आज मला जे काही येतं ते त्या टेबलाशी शिकले, आणि तिथं मला अक्कानं बसवलं. तिच्यावर रागावल्याची मला अजून लाज वाटते.

चार वर्षांनी पुण्याच्या एका नावाजलेल्या संस्थेत मला एमबीएला प्रवेश मिळाला. हातची नोकरी सोडायची की नाही, या विचारानं झोप उडाली. मी आळंद गाठलं. अक्काची नजर गेली होती, दातही गेले होते. मी माहितीपत्रक तिच्या हातात दिलं. तिनं ते बरोबर मधात उघडलं आणि पानावरून बोटं फिरवली. ती आमची शेवटची भेट ठरली.

"वर्गात बसून आलीस का?"

"व्हय. दोन दिवस, मागच्या बाकावर. पोरापोरींशी पण बोलले."

"शिकवतेत का?"

"लई चांगलं शिकवतेत. अक्का, जाऊ का मी?"

तिनं पत्रक मिटून माझ्या मांडीवर ठेवलं.

"मधात हात घालून आलीस की. मग मला कामून इचारायलीस?"