आरती काय खात होती?

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ही काय खात होती?" आणि नवऱ्यानं, सासूबाईंनी, सोबत आलेल्या चुलत सासऱ्यांनी, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारण आरतीला खाऊ घालायचे मी. ती माझी नणंद. बावीस वर्षांची. पाच दिवस काचेपलीकडे पडून राहिली आणि सहाव्या दिवशी सकाळी गेली. आता दोन महिने होत आले, तरी भेटायला येणारं प्रत्येक माणूस तेच म्हणतं, "पोरीच्या जातीनं एवढं वजन उचलायलाच नको होतं." मी ऐकून घेते, चहा टाकते... पण आता ऐकून घ्यायचं नाही, म्हणून लिहिते आहे. आरती वजन उचलल्यानं मेली नाही.

मी लग्न होऊन आष्टीजवळच्या या गावात आले तेव्हा ती आठवीत होती. घरात शेळ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. एकदा टेम्पोतून पेंडीचं पोतं उतरवायचं होतं. तिचा भाऊ दुसरं टोक धरायला माणूस शोधत होता, तोवर ही पोतं पाठीवर घेऊन दारात पोचलीसुद्धा! शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी ते रस्त्यावरून पाहिलं आणि तिला वजन उचलायला शिकवलं. वर्षभर नुसत्या बांबूवर, मग लोखंडी दांड्यावर. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "पोरीला पोटभर खाऊ घाला, बाकी मी बघतो." ते काम मी अंगावर घेतलं. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि मोडाची मटकी, मधल्या वेळी शेंगदाणे-गूळ, संध्याकाळी शेळीचं दूध. अंड्यांची तेवढी अडचण होती, कारण सासूबाई माळकरी. मग मी घरामागं तीन दगड मांडून वेगळ्या पातेल्यात अंडी उकडायचे. एकदा त्यांनी विचारलं, "मागं काय शिजवता गं रोज?" मी म्हटलं, "बटाटे, आत्या." त्या शांतपणे म्हणाल्या, "बटाट्याची टरफलं पांढरी कावून हायेत मग?" आरती हसून हसून जमिनीवर बसली. आत्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्या खाण्यावर ती वाढली, त्या खाण्यावर विभागात दुसरी आली. तिचे दंड बघून बायका नाकं मुरडायच्या, आणि ही मुद्दाम बाह्या वर करून हापशावर जायची.

पदवी झाल्यावर राज्याच्या निवडीसाठी ती तालुक्याच्या जिममध्ये जायला लागली, कारण जड प्लेटा तिथंच होत्या. जिमच्या मालकाला सगळे सर म्हणायचे. त्यानं तिचा मटकीचा डबा उघडून चार जणांत दाखवला. म्हणाला, "हुलग्या-मटकीवर मेडल येत नसतं. शहरातल्या पोरी काय घेतात माहितीय का?" आणि तिला पावडरीचा एक डबा दिला. त्यावर हिरवी पानं छापलेली. शंभर टक्के नैसर्गिक. मी बारावी शिकलेली बाई. तो डबा मी स्वतः वाचला. अश्वगंधा, सफेद मुसळी, ओळखीची नावं. पानं बघून मी भुलले आणि माझ्या हातानं ती पावडर तिच्या दुधात कालवली. याचा दोष मला दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

थोड्याच आठवड्यांत तिचे खांदे भरले, वजन वाढलं, ती खूश. मग तोंडावर पुटकुळ्या उठल्या, आवाज घोगरा झाला. एक दिवस दळण निवडताना हळूच म्हणाली, "वैनी, दोन महिने झाले, पाळीच आली न्हाई." मी सरांना विचारायला सांगितलं. मी! डॉक्टरकडे न्यायचं सोडून... तो म्हणाला, "लोखंडाशी खेळणाऱ्या पोरींचं असंच असतं, एक चमचा वाढव." पुढं अंगाला खाज सुटली, डोळे पिवळे झाले. आत्या तिला काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेल्या. त्यात आठ दिवस गेले आणि डबाही चालूच राहिला, कारण नैसर्गिक वस्तू कधी बाधत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. शेवटी ती मला ओळखेना, तेव्हा आम्ही नगर गाठलं.

डॉक्टरांनी डबा फिरवून फिरवून पाहिला. म्हणाले, "आत खरं काय आहे, ते यावर लिहिलेलं नसणार. पण हिच्या अंगात जे झालंय ते नुसत्या पानाफुलांनी होत नाही. असल्या पावडरीत हार्मोन मिसळलेले असतात. लिव्हर पार निकामी झालंय." मी विचारलं, "आणि मी जे घालत होते? हुलगे, अंडी?" ते म्हणाले, "ताई, त्याच्यावरच तर ती एवढी उभी राहिली होती." त्या दिवशी मला रडू आलं नाही.

आम्ही पोलिसांत तक्रार केली. एक डबा तपासणीला दिला, त्याचा अहवाल अजून यायचा आहे. पावती आहे का, असं तिथं तीनदा विचारलं. पावती त्यानं कुणालाच दिली नव्हती. दहाव्याच्या दिवशी आलेली एक पाहुणी कौतुकानं म्हणाली, "आरतीचा लई मोठा फोटो लागलाय की स्टँडवर!" मी पिशवीत उरलेला डबा आणि विळा घातला आणि तालुक्याला निघाले. भलामोठा फ्लेक्स होता. आरती दोन्ही हातांनी वजन डोक्यावर धरून उभी, शेजारी हात जोडून हसणारा तो. वर 'आमच्या जिमची वाघीण, भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली 'नैसर्गिक ताकदीचे एकमेव ठिकाण'. मेलेल्या पोरीच्या पायाशी त्यानं दुकान मांडलं होतं. मी दोऱ्या कापल्या. तो धावत आला. "वहिनी, असं नका करू. माणुसकी म्हणून लावलाय."

"डब्यात काय व्हतं?"

"नैसर्गिक आहे सगळं. हिच्या नशिबात..."

मी डबा उघडून त्याच्यापुढं धरला. "मग खा. दोन चमचे. हितं, सगळ्यांम्होरं."

पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली. तो एकदा डब्याकडे बघायचा, एकदा माणसांकडे. कुणीतरी मागून म्हणालं, "खा की बे!" तो मागं सरकत सरकत गाडीवर बसला आणि निघून गेला. जिम अजून चालू आहे. त्याच्या कपाटात डबे अजून आहेत. ज्यांची मुलंमुली तिथं जातात त्यांनी एवढं तरी घरी विचारावं, की दुधात काय कालवताय?

फ्लेक्स मी घरी आणला. कात्रीनं आरती तेवढी कापून घेतली. उरलेला शेळ्यांच्या गोठ्यात अंथरलाय. सकाळी लेंड्या झाडताना त्याचं हसरं तोंड दिसतं, मी ते पुसत नाही. आरतीला आत्यांनी स्वतः खिळा ठोकून स्वयंपाकघरात लावलं. मग म्हणाल्या, "तोंड असं उघडं कावून हाय गं तिचं?"

"ओरडतीय, आत्या. वजन वर नेताना ओरडायची ती."

आत्यांनी पदरानं फोटोवरची धूळ पुसली.

"ओरडू दे," म्हणाल्या.