सिंधूनं रंगवलेली विमानं

फोन आला तेव्हा मी अंगणात पापडाचं फडकं उचलत होते. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, प्रभाकरराव, धुळ्याहून बोलत होते. "अक्का, सिंधू गेली." सकाळी चहा ठेवायला उठली, ओट्याशी टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर यायच्या आधीच सगळं संपलं. मग म्हणाले, "विमान अर्धंच राहिलं हो अक्का." अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो, हे मला कळतं. मी या वयात पुष्कळ मरणं पाहिली आहेत. तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

विमान म्हणजे काय ते सांगते. सिंधूनं लग्न झाल्यापासून धुळ्यात ब्लाउज शिवले, साड्यांना फॉल लावले, पिको केला. प्रभाकरराव नरडाण्याला एका कारखान्यात स्टोअर सांभाळत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठा कॉम्प्युटर घेतला, त्याला एक दांडी जोडली आणि घरात बसून विमान उडवायला लागले. त्याला खेळ म्हटलेलं त्यांना चालत नसे, सिम्युलेटर म्हणायचं. शेजारीण दारातून विचारायची, "काय वो भाऊ, इमान उडनं का?" हे मान वळवायचे नाहीत. सिंधू जेवायला हाक मारी, तर म्हणत, "थांब, मी उतरतोय." ती म्हणायची, "उतरा आधी, मग पोळी टाकते. आभाळात ताट कुठून आणू?"

मग त्यांना वाटलं, आपलं विमान आपल्या रंगाचं असावं. या खेळात विमानाचं कातडं वेगळं मिळतं, टेक्श्चर म्हणतात. पोट, पाठ, पंख, शेपूट, सगळं सोलून सपाट पसरल्यासारखं पडद्यावर येतं आणि त्यावर रंग भरायचा. यांनी पांढऱ्या विमानाला लाल पट्टा ओढायला घेतला. सपाटीवर तो सरळ दिसे आणि विमानावर चढवला की दाराजवळ तुटे. पुष्कळ दिवस झाले, पट्टा काही जुळेना. "बठ्ठं वाया गयं," सगळं वाया गेलं, म्हणून दांडी आपटली. सिंधू मागं उभी होती. ती म्हणाली, "अहो, हे तर बेतलेलं कापड आहे. ही पाठ, ह्या बाह्या. काठ शिवताना जुळत नसतो, बेततानाच जुळवावा लागतो." आणि तिनं माऊस हातात घेतला.

त्यानंतर तिनं तो सोडला नाही. मी विचारलं, तुला इंग्रजी येत नाही, शिकवतं कोण? ती फोनवर हसली, आमच्या माहेरच्या बोलीत म्हणाली, "मले काय कळते व इंग्रजी? गोरा माणूस व्हिडिओत बडबड करते, मी आवाज बंद करते अन् त्याचे हात पाहाते." पहिल्या विमानावर नाव एका अंगानं सरळ आलं आणि दुसऱ्या अंगानं उलटं, आरशात दिसतं तसं. तिला लगेच समजलं. दोन्ही अंगांना एकच तुकडा वापरलेला होता. "डावी बाही उलटी करून उजवीकडे लावली व अक्का, दुसरं काय." रंग, रेघा, खिळे, मळ, प्रत्येकाचा थर वेगळा ठेवायचा, म्हणजे एक उसवला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही, हेही तिनं शिलाईतूनच उचललं. नवंकोरं विमान प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं दिसतं, म्हणून त्याला जुनं करावं लागतं. एकदा माझ्याबरोबर माझ्या घरी येताना वाटेत नशिराबादला गाडी थांबली, तर ही खाली उतरून एका टँकरच्या कुशीकडे पाहत राहिली. धुराचा काळा ओघळ कुठून निघतो आणि कुठं विरतो, ते बघत होती. टँकरचा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, टँकर घ्यायचाय का?" ही म्हणाली, "नाही रे बाबा, मळ घ्यायचाय."

तिची विमानं लोकांना आवडली. ती सगळ्यांना उतरवून घेता येतील अशा इंटरनेटवरच्या ठिकाणी प्रभाकरराव चढवायचे. देशोदेशीचे लोक ती घ्यायचे, शाबासकी लिहायचे. पण करणाऱ्याचं नाव म्हणून तिथं लिहिलेलं असे प्रभाकर, धुळे. सिंधूनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "नाव कुणाचं का असेना, तुझं-माझं वेगळं आहे का?" मी समोर बसले होते. मी म्हटलं, "वेगळं नाही ना? मग तिचं लिहा." ते हसले. "अक्का, तुम्ही पण ना... बरं, पुढच्या विमानाला लिहू." पुढचं आलं, तेही गेलं, नाव तेच राहिलं. सिंधू भांडली नाही. पण दर नव्या विमानाला ती विचारायची, एवढं मला माहीत आहे, कारण मग मला फोन करून सांगायची, "आजही पुढच्यालाच म्हणाले." तिला जन्मात दुसरं काही मागताना मी पाहिलेलं नाही. मिळण्यासारखं होतं, फुकट होतं, आणि दिलं नाही.

दहाव्याला त्यांच्या विमानवाल्या मंडळातले तिघं भेटायला आले, दोघं जळगावचे, एक नाशिकचा. माणसं सभ्य होती. म्हणाले, "वहिनींनी साथ दिली म्हणून भाऊंना एवढं जमलं. किती चहा केला असेल त्यांनी!" प्रभाकररावांनी मान हलवली. एक म्हणाला, "भाऊ, आता एखादं विमान वहिनींच्या आठवणीत रंगवा." त्यावर हे म्हणाले, "आता हात चालत नाही हो..." आणि डोळे पुसले. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, ते मी नाकारत नाही. मी म्हटलं, "चालत नव्हताच."

तिघं माझ्याकडे बघायला लागले. प्रभाकरराव म्हणाले, "अक्कांना फार लागलंय. बोलू द्या त्यांना." म्हणजे म्हातारी दुःखानं बरळतेय. मी विचारलं, "प्रत्येक विमानाच्या शेपटाखाली एक काळा ठिपका आहे, तो कशाचा, सांगा यांना." नाशिकचा लगेच म्हणाला, "तेलाचा डाग! भाऊंनी आम्हाला समजावलंय, तिथून तेल झिरपतं." मी म्हटलं, "तेल नाही, बाबा. ती तीट आहे. नवं लेकरू, नवी गाडी, कुणालाही तीट लावल्याशिवाय सिंधू दाराबाहेर सोडत नसे. विमानं तिनं कशी सोडली असती?" तुमच्या तेलाची गोष्ट ऐकून तिला इतकं हसू आलं होतं की मशीन थांबवावं लागलं होतं, हेही सांगितलं. जळगावच्या एकानं खिशातून फोन काढला आणि एकेक विमान मोठं करून पाहायला लागला. चहा निवला. प्रभाकरराव आत निघून गेले.

मागच्या आठवड्यात मी तिच्या साड्या वाटायला धुळ्याला गेले होते. त्या खोलीत एका बाजूला तिचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला तो पडदा, आणि मध्ये एकच खुर्ची आहे. ती त्याच खुर्चीत इकडून तिकडे वळायची. प्रभाकरराव त्या खुर्चीत बसून तिच्या अर्ध्या विमानाचं शेपूट रंगवायचा प्रयत्न करत होते. पट्टा तुटत होता. मला बघून म्हणाले, "अक्का, मला नाही जमत. शेपूट पांढरंच ठेवून चढवू का?" मी म्हटलं, "चढवा. नाव कुणाचं?" त्यांनी एका बोटानं, सावकाश, काहीतरी लिहिलं. "लिहिलं," म्हणाले. मी म्हटलं, "वाचा." त्यांनी वाचलं, "सिंधू प्रभाकर." मी पडद्याजवळ गेले. अक्षरं इंग्रजी होती. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. त्या अक्षरांत माझी बहीण आहे की नाही, मला कळेना. म्हटलं, "मराठीत लिहा, मी वाचते." तर म्हणाले, "तिथं मराठी चालत नाही, अक्का."

असेल. इथं चालतं, म्हणून लिहिते. भेटायला आलेल्या तिघांपैकी कुणी वाचत असेल, तर त्यानं बाकीच्यांना सांगावं. ती बठ्ठी विमानं सिंधूनं रंगवली.