मातीचे मावळे आणि न दिसलेला पूल

दिवाळी जवळ आली की गुलमंडीच्या बाजारात हातगाड्यांवर किल्ल्याचे मावळे येतात. परवा शर्टाला कापड घ्यायला गेलो होतो. कापड राहिलं बाजूला आणि मी एका गाडीपुढं खिळून उभा राहिलो. काय तो ओल्या रंगाचा वास! भालेवाले, ढालवाले, एक डोळा जरा वरच चढलेला तोफवाला, डोक्यावर घडा घेतलेली गवळण, आणि सगळ्यांच्या मागं जीभ काढून बसलेला वाघ. "बच्चे के लिए लेना है क्या, भाईसाब?" गाडीवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, "नको, आहेत घरी." आणि आहेतच हो. माळ्यावर, बुटाच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा मावळे, एक गवळण, एक वाघ. त्यांच्यापायी माझा सगळ्यांत जवळचा मित्र तुटला.

तुम्हाला हसू येईल, पण आम्ही चार मोठी, नोकरी करणारी माणसं दर रविवारी दुपारी मुकुंदवाडीत माझ्या खोलीवर जमून एक खेळ खेळायचो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि लढाईत वार लागला की हुकला ते फाशावर सोडायचं. खेळणारे तिघं: मी, माझी मामेबहीण आणि माझ्या ऑफिसातला एक जण. सांगणारा तो मित्र. तो पडेगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. देवगिरीचा किल्ला बघतच लहानाचा मोठा झालेला, त्यामुळं त्याची कुठलीही गोष्ट फिरून फिरून किल्ल्यातल्या अंधारीत शिरायची. अंधारी म्हणजे किल्ल्यातली ती वळणावळणाची काळोखी वाट, जिथं आत शिरलेल्या शत्रूला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. तिथं आलं की तो आवाज खाली आणायचा आणि म्हणायचा, "मशाल विझली. आता ऐका." अंगावर काटा यायचा. नकाशा नाही, सोंगट्या नाहीत. सगळी लढाई नुसती त्याच्या तोंडून चालायची.

मग तो पूल आला. मी एका टोकाला, मामेबहीण जखमी होऊन मधल्या कमानीवर पडलेली, शत्रू तिच्या पलीकडं, असं त्यानं नीट सांगितलं होतं. माझ्या हातात पेटत्या तेलाचा हंडा. मी जोरात म्हटलं, "पुलाच्या मध्यावर फेकतो!" मामेबहीण किंचाळली, "अरे, मी पडलेय ना तिथं! दिसत नाही का तुला?" दोन वर्षं जपलेलं तिचं पात्र माझ्या हातून जळून गेलं.

नंतर चहा पिताना त्या पुलावरून वाद निघाला. मामेबहीण म्हणे, कमानीवर हिरवं शेवाळ होतं. ऑफिसवाला म्हणे, छे, काळा कोरडा दगड होता. आणि मी कप हातात धरून थंड पडलो. डोळ्यांसमोर आणणं ही नुसती बोलायची पद्धत आहे असं मी तोवर समजत होतो. पोटात कावळे ओरडतात म्हणतो आपण, म्हणून पोटात कावळे असतात का? "तुम्हाला खरंच दिसतं?" मी विचारलं. "नाटकं नको करूस," मामेबहीण म्हणाली. मग मीही ते हसण्यावारी नेलं. तुम्ही डोळे मिटून आईचा चेहरा आणून बघा. तुम्हाला येईल. मला काही म्हणजे काही येत नाही.

लाज वाटली हो. चाळिशीला टेकलेल्या माणसाला आपल्यात काहीतरी कमी आहे हे असं चहा पिता पिता कळावं! पुढच्या रविवारी मी चौकटी आखलेला कागद आणि हे मावळे घेऊन बसलो. "आता भांडण नको. कोण कुठं आहे ते सगळ्यांना दिसू दे." मित्रानं गवळण उचलून बघितली. "ही काय करणार? दही फेकून मारणार?" आम्ही पोट धरून हसलो. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. शत्रू कुठं उभा आहे ते आयुष्यात पहिल्यांदा मला कळत होतं, आणि मी जिंकत होतो.

त्याचा आवाज मात्र आटत गेला. पुलाखालच्या पाण्याला कसला वास येतो तेही सांगणारा माणूस आता म्हणायचा, "तीन घरं पुढं. वार. लागला." त्याच्या तोंडाकडं कुणी बघतच नव्हतं, सगळ्यांच्या माना कागदावर. एका रविवारी वाघ तिरकी उडी मारू शकतो का यावरून आमची जुंपली होती. त्यानं शांतपणे फासे खिशात टाकले. "मी पूल म्हटलं तर तुम्ही कागदाकडं बघता. माझ्या सांगण्यावर तुझा भरोसा नाय राहिला. व्हय ना?" एका वाक्याचं काम होतं. मी नुसतं "तसं नाही रे" म्हटलं आणि मावळे वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. तो जिना उतरून गेला, तो परत आलाच नाही. पाच वर्षं झाली.

परवा गुलमंडीतच एका दुकानाच्या पायरीवर बसून मी त्याला फोन लावला. हाल-हवाल राहू दिले आणि सरळ सांगून टाकलं, "मला दिसतच नाही रे. कधीच दिसलं नाही. भरोशाचा प्रश्नच नव्हता." पलीकडं तो काम करतो त्या कारखान्यातली यंत्रं धडधडत होती.

"म्हणून अंधारीत तू तसा खेळायचास व्हय!" तो म्हणाला. "बाकीचे दोघं भिताडाला धडकायचे, आन् तू विचारायचास, वारा कुठनं येतोय, पाऊल कुठं वाजलं. एक वार हुकायचा नाय तुझा. तुला लई आवडतं म्हणून मी दर गोष्टीत अंधारी घालायचो. नायतर एवढ्या अंधाऱ्या कोणत्या किल्ल्याला असत्यात?"

मला हे माहीतच नव्हतं. दर रविवारी तो माझ्यासाठी अंधार करत होता, आणि मी त्याच्यापुढं माती मांडून ठेवली. "ये ना एखाद्या रविवारी," मी म्हटलं. "आता रविवारी बी ड्यूटी असती. बघू," तो म्हणाला. आपल्याकडं 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

घरी आलो. माळ्यावरचं खोकं खाली काढलं नाही. त्याचा चेहरा काही केल्या समोर येत नाही, पाच वर्षांत तो किती बदलला असेल त्याचा अंदाजही मला करता येत नाही. पण आवाज तसाच आहे, शब्द न् शब्द. मशाल विझली. आता ऐका. मी डोळे मिटले. नेहमीसारखंच काही दिसलं नाही, आणि मी ऐकत राहिलो.