जेवणानंतरच्या देसले मॅडम

चर्चासत्रात निबंध वाचताना देसले मॅडम मध्येच, आवाज जराही न बदलता, म्हणायच्या, "बाहेर प्राचार्यांच्या गाडीला आग लागली आहे," आणि तशाच पुढे निरगुडीच्या पाल्याबद्दल वाचू लागायच्या. सभागृहात कोणी हलत नसे. प्राचार्य पहिल्याच रांगेत असत, हनुवटी छातीला टेकलेली.

मुरबाडच्या कॉलेजात मी नुकतीच लागले होते. हे वाक्य ऐकून मी एकटीच ताडकन उठले. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि हातानेच 'बस' म्हणून खुणावलं. नंतर चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाल्या, "बरं वाटलं गो. एक तरी जागी हाय इथं." तिथून आमची गट्टी जमली, ती त्या जाईपर्यंत. अजूनही दुपारच्या जेवणानंतर कुठे सभेला बसले की मला त्यांची हटकून आठवण येते.

आमचं चर्चासत्र नावाला राष्ट्रीय. कल्याणच्या पलीकडून क्वचितच कोणी यायचं. सकाळचं सत्र पुरुष प्राध्यापकांचं. बायकांकडे रांगोळी, पाहुण्यांना गुलाबाची फुलं, आभार, आणि निबंध असलाच तर तो जेवणानंतर. जेवणात मसालेभात आणि जिलेबी. हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही खोट आहे असं कुणाला वाटतच नसे.

मॅडम मूळच्या धसईच्या, शिकवायच्या वनस्पतिशास्त्र. त्यांच्या सासूबाई कणगीत भाताचं बियाणं ठेवताना निरगुडीचा पाला घालत, आणि त्याला कीड लागत नसे. मॅडमनी ते नुसतं सांगून सोडलं नाही. गावोगावच्या बायकांकडून पाल्यातलं आणि बिनपाल्याचं बियाणं आणून ते पेरून, उगवून पाहिलं. त्यात त्यांचा जीव गुंतला होता. "एकदा जाग्या माणसांपुढं वाचायचंय," त्या म्हणायच्या. "सासू गेली, तिच्या जोडीच्या बायका चालल्या. मे महिन्यात मी रिटायर झाले का मग हे विचारणारं कोण नाय."

त्या शेवटच्या वर्षी नियोजनाच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "मुलांचे पेपर आपण नाव झाकून तपासतो. मग आपले निबंधही तसेच तपासू या."

इतिहासाचे धानके सर मनापासून गोंधळले. "पण मॅडम, नावच नसेल तर निबंध चांगला आहे की नाही हे कळणार कसं?"

कोणी हसलं नाही, म्हणजे बऱ्याच जणांची तीच अडचण असावी. मोठ्या शहरांतल्या परिषदांमध्ये असंच करतात हे कळल्यावर मात्र प्राचार्य लगेच तयार झाले. मागे राहिलेलं त्यांना खपत नसे.

मॅडमनी गेल्या वर्षी वाचलेलाच निबंध दिला. मथळाही तोच. मी घाबरले. "मॅडम, ओळखतील हो."

"कोण ओळखील? ऐकलाय कुणी?"

परीक्षणाला प्राचार्य आणि धानके सर बसले. कागद लावायला बाई हवी म्हणून मी. तो निबंध वाचता वाचता प्राचार्य खुर्चीत ताठ झाले. "हा माणूस अभ्यासू आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही."

"कृषी विद्यापीठातला असणार," धानके सर म्हणाले. "बाईमाणसाचं लिखाण लगेच कळतं. त्यात घरचं फार येतं."

मी खाली मान घालून टाचण्या मोजत बसले. उद्घाटनानंतरचं पहिलं वाचन या अभ्यासू माणसाचं ठरलं आणि मग नावं उघडली.

प्राचार्यांनी मॅडमना बोलावून घेतलं. बिचारे खरोखरच चकित झाले होते. "मॅडम, एवढं काम केलंत आणि आम्हाला कधी बोलला नाहीत?"

"बोलत होते ना सर," मॅडम नम्रपणे म्हणाल्या. "दरवर्षी. जेवणानंतर."

चर्चासत्राच्या सकाळी रांगोळीही त्यांनीच काढली. म्हणाल्या, हाताला सवय झालीय. मग हात धुऊन व्यासपीठावर गेल्या. सभागृह भरलेलं, सगळे उपाशी आणि म्हणून जागे. मॅडम वाचत वाचत निरगुडीपाशी आल्या आणि त्याच आवाजात म्हणाल्या, "बाहेर प्राचार्यांच्या गाडीला आग लागली आहे."

प्राचार्य खुर्ची पाडून दाराकडे धावले. त्यांच्यामागे धानके सर, आणि त्यांच्यामागे पाण्याचा जग घेऊन शिपाई. सभागृह गदगदून हसायला लागलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला आणि पुन्हा काढला. मी पाणी घेऊन वर गेले तर माझा हात घट्ट धरून पुटपुटल्या, "ऐकत व्हते गो. खरंच ऐकत व्हते." मलाही रडू आवरेना.

तेवढ्यात प्राचार्य धापा टाकत परत आले. आता हे रागावणार म्हणून सगळे गप्प झाले. त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, तिच्यावर बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "वाचा मॅडम. पाला वाळवून घालायचा की ओला, तेवढं राहिलं."