शंभर मीटरच्या पुढे

धम्मदीप खराडीच्या ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या केबल ओढतो. फॉल्स सीलिंगच्या वरून निळी वायर न्यायची आणि टेबलापाशी सोडायची, हेच काम तो वर्षानुवर्षं करत आलाय. ही वायर शंभर मीटरच्या पुढे नेली की भरवसा संपतो, हे त्याला पाठ होतं. तरी एकदा त्याने ती पुढे नेली, आईसाठी.

त्याचं घर मांजरीत, नव्या सोसायट्यांच्या मागे, उसाच्या पलीकडे. आई प्रेमलाबाई पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले होते, "आता घरी न्या." त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता. थोरली बहीण प्रियदर्शनी जर्मनीत नर्स. नोकरी नवी, रजा मिळेना. घरात मोबाइलला धड रेंज नव्हती. व्हिडिओ लावला की आईचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा.

"बोलली नाही तरी चालेल," प्रिया म्हणाली, "नुसती दिसू दे."

इंटरनेट कंपनीची लाइन सोसायटीच्या भिंतीपाशी संपत होती. तिथे तळमजल्यावर राहणाऱ्या समाधान नावाच्या मित्राने आपल्या कनेक्शनमधून वायर नेऊ दिली. धम्मदीपने ती काळ्या पाइपात घालून बांधाबांधाने घरापर्यंत ओढली. घरातल्या राउटरचा दिवा लागायचा, विझायचा. चित्र यायचं आणि गोठायचं. अंतर फार होतं. मध्ये कुठेतरी वायर तोडून नेटवर्कचा स्विच, म्हणजे एक छोटा डबा, बसवावा लागणार होता, म्हणजे सिग्नल नव्या दमाने पुढे गेला असता. पण स्विचला वीज हवी, आणि मध्ये होता फक्त शेजारच्या गेनबांचा ऊस.

गेनबांनी सगळं ऐकून घेतलं. "मोटरीच्या खोलीत लाइट हाय की. लाव तिथं तुझा डबा. इचारतोस काय?"

शेतीची लाइट जाते म्हणून धम्मदीपने सोबत बॅटरी ठेवली. त्या संध्याकाळी आईच्या उशाशी ठेवलेल्या टॅबवर प्रिया स्वच्छ दिसली. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "वाळलीस गं."

त्यानंतर तो टॅब बंद झालाच नाही. सुट्टीच्या दिवशी प्रिया तिकडे भाजी चिरायची, कपडे घड्या करायची. आई म्हणायची, "बोलू नकोस, तुझं काम कर. मी बघते."

आई गेली त्या दुपारी धम्मदीप खराडीत शिडीवर होता. बायको दीपाली आईचं दुखण्यावरचं औषध संपलं म्हणून दुकानात गेलेली. प्रियाचा फोन आला. "धम्मा, आईचा श्वास बदललाय. मी ओळखते हा श्वास. जवळ कोण आहे?"

त्याने शिडीवरूनच गेनबांना फोन लावला. गेनबा चिखलाच्या पायांनी धावत आले. दोन्ही घरांचं बोलणंचालणं चांगलं, पण इतक्या वर्षांत गेनबा त्या घराचा उंबरा ओलांडून कधी आत आले नव्हते. आज थांबले नाहीत.

टॅबमधून प्रिया सांगत होती, "काका, डोकं थोडं वर धरा. ओठ नुसते ओले करा, पाणी पाजू नका. तिचा हात धरा काका, सोडू नका."

"धरलाय, पोरी."

"आई, मी आहे गं. बघ इकडे."

आईने बघितलं की नाही, ते गेनबांना नीट सांगता आलं नाही. धम्मदीप पोचला तेव्हा ते हात धरूनच बसले होते, आणि टॅबवर प्रिया तोंडावर ओढणी दाबून रडत होती.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला प्रिया आली. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. बहीणभाऊ ओट्यावर बसले. धम्मदीपने कधीपासून मनात असलेलं विचारलं, "ताई, वायर ओढली नसती तर बरं झालं असतं का?"

प्रिया म्हणाली, "तिथे म्हातारी माणसं जातात तेव्हा मीच असते जवळ. परक्यांचे हात धरते मी. आईला बघत होते, अगदी स्वच्छ दिसत होती, आणि माझा हात काचेवर."

धम्मदीपने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

आठवड्याने ती परत गेली. आता फोन करते तेव्हा नुसतीच बोलते. व्हिडिओ लावत नाही. धम्मदीपही लाव म्हणत नाही.