आधी हात, मग आवाज

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट खुर्च्यांमुळे झाली. बारावी अर्धी सोडून मी टेम्पोवर हिंडत होतो. जाताना शिर्डीला फुलं, येताना मिळेल तो माल. (शिर्डीचं सांगायला लागलो तर सर राहूनच जातील.) नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात खुर्च्या उतरवत होतो, तेव्हा सरांनी हाक मारली, "अहो, जरा पलीकडच्या खोलीत बसता का? मी इथं टाळी वाजवतो. कॉम्प्युटरवर हात जुळतात तेव्हाच आवाज येतो का, तेवढं सांगा." मला 'अहो' म्हणणारे ते पहिलेच. मी बसलो. टेम्पो निघून गेला. मी सरांकडेच राहिलो.

चित्राचे आणि आवाजाचे बारीक तुकडे एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे धाडायचे आणि समोरासमोर बोलल्यासारखे वेळेत पोचवायचे, हे सरांचं काम. उशिरा आलेला तुकडा ते सरळ टाकून देत. मला हळहळ वाटे. लाइन तुंबली की चित्र थांबवायचं पण आवाज तुटू द्यायचा नाही, हा त्यांचा पक्का नियम.

तो एका रविवारी मोडला. नगरच्याच मूकबधिर शाळेच्या वसतिगृहातली रूपाली आठवडाभर नीट जेवत नव्हती. जामखेडला राहणाऱ्या तिच्या आईलाही ऐकू-बोलता येत नाही, म्हणजे फोन असून नसल्यासारखा. लेकीशी बोलणं झालं नाही तर आई तिला शाळेतून काढून नेणार होती. सरांनी जामखेडच्या एका कॉम्प्युटर क्लासशी फोनच्या लाइनवरून जोडणी केली. तिथं आई आणि मामा, इथं आमच्यापुढे रूपाली.

आईनं हात उचलला आणि लाइन तुंबली. पडद्यावर हात तसाच वर थिजला. तिकडच्या पंख्याची घरघर मात्र खणखणीत! आई मारायला उठलीय असं वाटून रूपाली दाराकडे निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो.

तेवढ्यात मामांचा आवाज आला, "सर, पोरगी पुतळ्यावानी बसलीया. मशीन झोपलं व्हय तुमचं?"

"मशीन नाही, मामा. माझा नियम चुकला," सर सगळ्यांदेखत म्हणाले. "इथं हातच बोलणार आहेत. दहा मिनिटं द्या."

"घ्या की. आमी कुटं जातोय!"

सरांनी आवाज बंद केला. मी हौसेनं मोठं, रंगीत ठेवलेलं चित्र त्यांनी तळहाताएवढं, काळंपांढरं केलं. मला म्हणाले, "देखणं नको, वेळेवर हवं."

चित्र हललं. आईचा हात खाली आला आणि तोंडाशी गेला. जेवलीस? रूपाली परत येऊन बसली. मग दोघींचे हात असे काही सुटले की आम्हांला काहीच कळेना. "आपल्याला कळायचं कारणही नाही," म्हणत सरांनी खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले.

रूपाली शाळेत राहिली. यंदा दहावीला बसली आहे.

सरांच्या साठीच्या समारंभाला ती पहिल्या रांगेत असेल. सगळे टाळ्या वाजवतील, ती दोन्ही हात वर करून हलवेल, ती तिची टाळी. सरांनी आधी तिच्याकडे बघावं. त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट तब्येत लाभो. हा लेख मी, कधी नव्हे तो, वेळेत देतो आहे. उशिरा आलेलं सर ठेवत नाहीत.